ठेका सर

ठेका सरांना ‘काय सर, बरं आहे ना?’ असं सहज विचारायची सोय नाही. ते लगेच तुमचं मनगट धरतात, डोळे मिटतात, चपलेतल्या अंगठ्यानं जमिनीवर मात्रा मोजतात आणि अर्ध्या मिनिटानं निदान सांगतात, “तुमची सम हुकालालीय.” सम हुकली म्हणजे नेमकं काय बिघडलं, हे विचारायचं धाडस आमच्या लातुरात आता कुणी करत नाही. विचारलं की उत्तर सैबेरियापासून सुरू होतं, आणि आपण तर दुधाची पिशवी आणायला निघालेलो असतो.

सरांचं खरं आडनाव कॉलेजच्या जुन्या मस्टरवर असेल. ‘ठेका सर’ हे नाव त्यांना नोकरीत असतानाच पडलं. ते गणित शिकवायचे. लातूर पॅटर्नचा बोलबाला होता आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं झळकत होती, त्या दिवसांत सर टेबलावर डस्टर आपटून सूत्रं पाठ करून घेत. साइनला एक ठोका, कॉसला दोन, भागाकाराच्या रेघेला आडवी थाप. त्यांच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी आज मोठा सर्जन आहे. तो अजूनही काही आठवायचं असलं की मांडीवर बोटं वाजवतो, आणि ऑपरेशन टेबलावरच्या माणसानं हे पाहू नये एवढीच आमची इच्छा आहे.

निवृत्त माणसानं काहीतरी बरं करायला घ्यायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. पूर्वी हे लोक होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या वाटायचे. मग ॲक्युप्रेशर आलं आणि घरोघर लाकडी काटेरी रूळ पायाखाली आले. मध्ये गव्हांकुराच्या रसाचा हंगाम होऊन गेला. सध्या ढोल चालू आहे. सरांचं ब्लडप्रेशर वाढलं, मुलानं पुण्याला बोलावून घेतलं, आणि तिथं शनिवार-रविवारच्या एका शिबिरात सर गोल करून बसलेल्या तीस माणसांत जाऊन बसले. प्रत्येकाच्या पुढ्यात पश्चिम आफ्रिकेचा जेंबे, मोठ्या उखळासारखा. डोळे मिटून सगळ्यांनी वाजवायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बँक मॅनेजर हमसून हमसून रडला. त्याचं पाहून सरही रडले. पुण्यात दोन दिवस मोकळेपणानं रडायला अडीच हजार रुपये पडतात, चहा-नाश्ता धरून, ही माहिती मला सरांकडूनच मिळाली.

जेंबे घेऊन सर रातोरात ट्रॅव्हल्सनं लातूरला आले. तो मांडीवर, चादरीत गुंडाळलेला. टेंभुर्णीच्या पुढं क्लीनरनं हळूच म्हटलं, “लेकरू लई गुणाचं हाय हो. एकदा बी रडलं नाई.”

घरी काकूंनी स्वागत केलं ते एकाच प्रश्नानं: “कातडं कशाचं हाय?” शेळीचं आहे म्हटल्यावर तो उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं ठरलं. सरांनी युक्तिवाद केला की दर एकादशीला आपल्या देवघरापुढं भजनाला जो तबला वाजतो, तो काय दोडक्याच्या सालीचा असतो का? काकूंनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि जेंबेला बाल्कनीपर्यंत परवानगी दिली. उन्हाळ्यात त्यावर त्या कुरडया वाळत घालतात.

हळूहळू सरांनी उपचारांची पद्धत बसवली. गणिताचा माणूस, त्यामुळं तक्ता केला. निलंगा राइस खाऊन पित्त झालं तर रूपक, सात मात्रा. गुडघ्याला केहरवा. झोप न येणाऱ्याला विलंबित एकताल, आणि तो ऐकवायला सर स्वतः रात्री घरी येणार, म्हणून या दुखण्याची तक्रार आमच्या गल्लीत पुढं कुणी केली नाही. ब्लडप्रेशरला तीनताल. तो सर स्वतःसाठी रोज वाजवतात आणि सोबत डॉक्टरांनी दिलेली गोळीही घेतात. गोळीचा परिणाम तालामुळं वाढतो, असं त्यांचं म्हणणं आहे. उलट असेल तर गोळी कमी करून बघा, असं काकू म्हणत नाहीत. त्या शहाण्या आहेत.

सरांचं वाचन मात्र दांडगं आहे, हे कबूल करायला हवं. गंजगोलाईत चहाच्या टपरीवर उभे राहून ते जग फिरवून आणतात. नायजेरियाचा बाबातुंदे ओलातुंजी अमेरिकेत गेला, 1960 साली ‘ड्रम्स ऑफ पॅशन’ नावाची त्याची रेकॉर्ड निघाली आणि गोऱ्या लोकांना ढोलाचं याड लागलं. कोरियात मुदांग नावाच्या बायका ढोल-झांजेच्या गजरात देवाला अंगात बोलावतात. इटलीच्या दक्षिण टोकाला कोळी चावला म्हणून बायका खंजिरीच्या तालावर दिवस दिवस नाचायच्या, आणि 1959 साली एर्नेस्तो दे मार्तिनो नावाचा अभ्यासक आपलं अख्खं पथक घेऊन ते बघायला गेला होता. आणि 1991 साली ‘ग्रेटफुल डेड’ या बँडचा ढोलवादक मिकी हार्ट खुद्द अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढं जाऊन बसला आणि म्हाताऱ्या माणसांना ढोल वाजवायला द्या, त्यांना बरं वाटतं, अशी साक्ष देऊन आला.

टपरीवाल्यानं कप विसळता विसळता विचारलं, “मग बिल पास झालं का?”

सोसायटीत प्रकरण तापलं ते पहाटेच्या तीनतालानं. आमच्या मागच्या दोन्ही गल्ल्यांत नीटची पोरं कॉट लावून राहतात. रात्री दोनपर्यंत जीवशास्त्र रटून त्यांचा डोळा लागतो न लागतो तोच पाचला जेंबे. पालकांचं शिष्टमंडळ आलं. आमच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम वाचून दाखवले: रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर वाद्य वाजवायचं नाही, आणि दिवसासुद्धा राहत्या वस्तीत मर्यादा 55 डेसिबलची. सरांनी मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं. आता ते सहाच्या ठोक्याला पहिला ठोका देतात. ॲपचा आकडा 55 च्या वर गेला की थांबतात. आकडा कुकरच्या शिट्टीनंही वर जातो, त्यामुळं काकूंची डाळ शिजेपर्यंत लातुरात शांतता असते.

सेक्रेटरीनं लेखी नोटीस दिली तेव्हा सर नॉर्वेला गेले. म्हणजे बोलण्यात. तिथं उत्तरेत सामी लोक राहतात. त्यांच्यात ढोल वाजवून भविष्य बघायची, दुखणं काढायची चाल होती. मिशनरी लोकांनी ढोल हिसकावले, जाळले. 1692 साली आंदेर्श पाउल्सेन नावाच्या एका सामी म्हाताऱ्यावर त्याच्या ढोलापायी चेटकाचा खटला उभा केला. ढोल जप्त झाला तो तीनशे वर्षांहून जास्त काळ परक्यांच्या मालकीचा राहिला, आणि 2022 साली सामी लोकांना परत मिळाला. “आज तोच प्रसंग माझ्यावर आलेला आहे,” सर म्हणाले.

“त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं?” सेक्रेटरीनं विचारलं.

“निकाल लागायच्या आधीच एका माथेफिरूनं त्याला कुऱ्हाडीनं मारलं.”

“आपल्या सोसायटीत कुऱ्हाड नाही सर. तुमचा फक्त दोन महिन्यांचा मेंटेनन्स थकलाय.”

वकीलसाहेबांनीच सरांना दुसऱ्या एका संकटातून वाचवलं. सरांनी जिन्याखाली पाटी लावली होती: ‘नादोपचार केंद्र. सर्व जुनाट व्याधी.’ वकीलसाहेबांनी 1954 चा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींचा कायदा काढला, त्यावर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा ठेवला, आणि साप, विंचू, कुत्रं चावलेल्या माणसाला दवाखान्यात न पाठवता मंत्र-तंत्र करत बसवणं हा गुन्हा कसा ठरतो ते समजावलं. सर दचकले. विंचवासाठी त्यांच्या तक्त्यात झपताल होता. पाटीवर आता ‘नादानंद केंद्र’ आहे, आणि ‘व्याधी’च्या जागी ‘वयोगट’.

मार्गशीर्षात सर माळेगावला गेले. लोहा तालुक्यातली खंडोबाची ही जत्रा आमच्या भागातली सगळ्यांत मोठी. घोडे, गाढवं, कुत्री, सगळ्यांचा बाजार, लावणीचा फड, आणि बेल-भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. सर वही, पेन आणि स्टॉपवॉच घेऊन उतरले. एका वाघ्यापुढं बसले. मुरळी घाटी हलवत होती, वाघ्या दिमडी वाजवत होता. गाणं संपल्यावर सरांनी विचारलं, “मिनिटाला किती ठोके धरता?”

“माणूस बगून,” वाघ्या म्हणाला. मग सरांच्या बुटांकडं पाहून त्यानं भर घातली, “अन् बिदागी बगून.”

सरांनी पुढचा प्रश्न जरा मोठ्यानं विचारला. पूर्वी दिमडीला घोरपडीचं कातडं लावत. त्या कातड्यात काही विशेष शक्ती असते का? 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून घोरपड मारायला बंदी आहे, हे सरांच्या ध्यानात नव्हतं, वाघ्याच्या होतं. त्यानं सरांची वही पाहिली, पेन पाहिलं, दिमडी मुकाट पिशवीत घातली आणि जागा बदलली. वनखात्याचा माणूस फिरू लागल्याची बातमी सरांच्या आधी अर्धी जत्रा फिरून आली. दुपारी सरांना कुणी दिमडी दाखवायलासुद्धा तयार होईना, म्हणून ते घोड्यांच्या बाजारात गेले आणि तिथल्या व्यापाऱ्याला सांगू लागले की सैबेरियातल्या शामनचा ढोल हाच त्याचा घोडा, त्यावर बसून तो वरच्या लोकांत जाऊन येतो. व्यापारी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “दात दाखवा.”

वहीचा एक फायदा मात्र झाला, तो सरांना पटलेला नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अँड्र्यू नेहेर नावाच्या अमेरिकन संशोधकानं मांडलं होतं की ढोलाच्या ठरावीक गतीच्या ठोक्यांनी मेंदूच्या लहरीच त्या तालाला लागतात आणि माणसाचं भान हरपतं. सरांचा यावर जीव. पण पुढं 1980 साली जिलबेर रूजे या फ्रेंच अभ्यासकानं जाडजूड पुस्तक लिहून ते खोडून काढलं. नुसत्या ठोक्यांत असं काही नसतं, त्या समाजात त्या वेळी त्या माणसानं भान सोडायचं असं ठरलेलं असावं लागतं, हा त्याचा मुद्दा. आता सरांच्या वहीतल्याच दोन नोंदी बघा. गल्लीत एका घरी गोंधळ होता. संबळ, मिनिटाला 132. त्या घरच्या सुनेच्या अंगात आलं. त्याच घरी पुढं लग्न. डीजे, मिनिटाला 132. कुणाच्याच अंगात नाही, एकाचा पाय मुरगळला. ठोके तेच, सूनही तीच. रूजेला लातूरला यायची गरजच नव्हती.

त्या सुनेबद्दल मला वेगळंच वाटतं. वर्षभर त्या घरात तिला कुणी ‘जेवलीस का’ विचारत नाही. दिवटी पेटली, संबळ कडाडला, तिनं केस मोकळे सोडले की सासऱ्यासकट सगळे हात जोडून उभे राहतात आणि विचारतात, “माय, काय पायजे तुला?” एका वर्षी देवीनं माहेरी पंधरा दिवस पाठवायला सांगितलं होतं. पाठवलं. इटलीतल्या त्या कोळी चावलेल्या बायकांतही शेतावर राबणाऱ्या, मनाविरुद्ध लग्न लावून दिलेल्या पुष्कळ होत्या. सर याला ‘स्पंदनचिकित्सा’ म्हणतात. म्हणोत. तिला पंधरा दिवस मिळाले ना.

एवढं जग फिरून झाल्यावर सरांच्या लक्षात आलं की हलगी राहिलीच. मग औसा तालुक्यातल्या एका गावातले हलगीवाले मामा त्यांना कुणीतरी गाठून दिले. मीही गेलो होतो सोबत. मामा साठी ओलांडलेले, अंगानं काटक, डोक्याला पांढरा रुमाल. कुठल्याशा सुपारीवर निघायच्या तयारीत होते. अंगणात तुराट्यांचा जाळ करून हलगी शेकत बसले होते. लोखंडी कड्याला ताणलेलं कातडं जाळावर एका जागी धरायचं नाही, फिरवत राहायचं. मध्येच नखानं टिचकी मारून कान लावायचा. कमी शेकलं तर आवाज बसका, जास्त शेकलं तर कातडं फुटतं. पोळ्याला हमखास पाऊस असतो, तेव्हा कातडं सादळतं आणि वाजवणाऱ्याच्या एका डोळ्यात मिरवणूक, दुसऱ्यात जाळ असतो. आता नटबोल्टनं ताणायची फायबरची हलगी आलीय, तिला शेकावं लागत नाही. मामांच्या पोत्यात तीही होती. “ही देवाला,” कातड्याची दाखवत ते म्हणाले, “अन् ही पावसाला.”

सरांनी वही उघडली. “मामा, हलगीनं कुणाचं दुखणं गेलेलं पाहिलंय का?”

“हलगीनं माझा खांदा गेला सर.” मामांनी डावा हात वर न्यायचा प्रयत्न केला. तो कानापर्यंत जाऊन थांबला. “चाळीस-पंचेचाळीस वर्सं ह्याच खांद्याला अडकवली. नवरदेवाचे दोस्त दोन-दोन तास नाचतेत. नाचून झालं की म्हणतेत, मामा, एकदम हलकं वाटालालंय. अन् माझा खांदा तेवढाच जड. म्हंजे त्यांचं दुखणं गेलं कुठं, कळलं का?”

सरांनी हे लिहून घेतलं. ‘ऊर्जेचे स्थलांतर’ असं पुढं कंसात.

मग सरांनी किल्लारीचं विचारलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. मामा त्या रात्री किल्लारीच्या पलीकडं वाजवायला गेले होते आणि भूकंप झाला तेव्हा उघड्या रस्त्यावर होते, म्हणून वाचले. सरांचे डोळे चमकले. “म्हणजे हलगीनं वाचवलं!”

“जीपवाला दोन तास उशिरा आला म्हणून वाचलो. येळेवर आला असता तर घरात निजलो असतो.” मामांनी जाळात तुराटी सारली. पुढं म्हणाले, “पुढल्या साली पत्र्याच्या शेडात पहिलं लगीन लागलं. वाजवावं का न्हाई, कुणाला समजंना. एक म्हातारी म्हनली, वाजव. वाजवलो. लोक नाचले बी, रडले बी. बरे झाले का ते मला काय ठावं? त्या दिवशी पैसं कुणी दिलं न्हाई, म्या बी मागितलं न्हाई.”

सरांना हे कुठल्या रकान्यात घालावं कळेना. त्यांनी पान कोरं सोडलं. वहीतलं तेवढं एक पान मला मनापासून आवडलं.

मामांचा मुलगा हलगीला हात लावत नाही. पुण्याला कंपनीत आहे. सरांनी हळहळ व्यक्त केली, परंपरा, वारसा, आदिम नाद वगैरे. मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले की त्यांच्या आजाला गावानं वाजवायला बोलावलं म्हणजे जावंच लागायचं. कुणाच्या घरी मयत असो, देवाची पालखी असो. पालखीच्या पुढं चालायचं ते मंदिराच्या पायरीपर्यंत. पायरीच्या वर पालखी जायची, हलगी खालीच. जेवायला सगळ्यांच्या शेवटी, तेही लांब. आंबेडकरी चळवळीत कितीतरी वस्त्यांनी गावकीची असली कामं टाकून दिली, त्यामागं हाच इतिहास होता. मामांच्या पोरानं हेच ऐकत ऐकत शिक्षण केलं. “त्याला हलगी दिसत न्हाई सर, त्याला पायरी दिसती.” पुण्यातल्या त्या शिबिरात जेंबेच्या आत्म्याबद्दल बरंच बोलणं झालं होतं. वाजवणाऱ्याच्या पायरीबद्दल काही निघालं होतं का, हे मी सरांना विचारलं. ते गाडी सुरू करत होते. त्यांना ऐकू आलं नाही म्हणाले.

पण माणूस चांगला. आठवड्यात ते मामांना स्वतःच्या गाडीत घालून नांदेडला घेऊन गेले. सरांची लेक तिथं फिजिओथेरपिस्ट आहे. जाताना आधी गुरुद्वारा सचखंडला थांबले. गुरू गोविंदसिंगांचं 1708 साली जिथं देहावसान झालं ते हे ठिकाण. अरदासीच्या वेळी नगाऱ्यावर टिपरी पडली तशी सर भारावले आणि एका सेवादाराला विचारू लागले की या नगाऱ्यानं कोणकोणते आजार बरे होतात. सेवादार मान डोलावून म्हणाला, “पहले लंगर छक लो जी.” दोघांनी पोटभर डाळ-रोटी आणि खीर खाल्ली. नगाऱ्यानंतर पाऊण तासात चित्त प्रसन्न, अशी नोंद वहीत आहे. लंगरची नाही.

लेकीच्या दवाखान्यात त्या वेळी देगलूरकडचे एक आजोबा होते, पार्किन्सनचे. पाऊल उचलता येत नव्हतं. बारीक बारीक सरकत होते आणि दाराच्या चौकटीत आले की गोठल्यासारखे थांबत होते. लेकीनं मोबाइलवर टिक-टिक लावली. आजोबांची पावलं त्या टिकेवर पडू लागली, लांब, मोकळी. सर उठून उभेच राहिले. लेकीनं सांगितलं, “अण्णा, यात नवं काही नाही.” मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली हे पार्किन्सनच्या रुग्णांवर तपासून छापलंय. चालण्याची वेळ साधणारी मेंदूतली आतली यंत्रणा कमकुवत होते, तेव्हा बाहेरचा ठोका तिला आधार देतो. रुग्णाची स्वतःची गती मोजायची आणि ताल त्याहून पाच-दहा टक्के जास्त ठेवायचा. रोग जात नाही, पण चालणं सुधारतं.

“ह्या टिकटिकीत जान न्हाई,” मामा म्हणाले. खांद्याला शेक घेत असतानाही ते गप्प बसले नाहीत. पोत्यातली फायबरची हलगी निघाली. आजोबांची गती मिनिटाला 80 पावलं. दहा टक्के वाढवून 88, हे गणित सरांनी तोंडी केलं. मामांनी बारीक काडीनं हळू धरलं. आजोबा निघाले. चेहरा फुलला. पाचव्या-सहाव्या पावलाला मामांच्या हाताला रंग चढला आणि गती वाढली. सर ओरडले, “88! मामा, 88!” मामा म्हणाले, “मानूस चालालालाय की! हात आपोआप वाढतो.” सर म्हणाले, वाढता कामा नये. दोघांचं जुंपलं आणि मधल्या मध्ये आजोबा चौकटीत गोठून उभे राहिले. या रुग्णांचं लक्ष दुसरीकडं वेधलं की पाऊल अडतं, लेक दोघांवर ओरडली. मामांची हलगी पोत्यात गेली. मोबाइलची बॅटरी तेवढ्यात संपली.

मग सरांनी टेबलावर तळहातानं ठोका धरला. नुसता ठोका. साइन, कॉस, टॅन. 88 म्हणजे 88, तसूभर इकडं नाही की तिकडं नाही. आजोबा चौकट ओलांडून व्हरांड्यात गेले, व्हरांड्यातून वळले, परत आले. लेक घड्याळ बघत राहिली. आता आठवड्यातून एकदा सर नांदेडला जातात आणि लेकीच्या दवाखान्यात दोन तास टेबल वाजवतात. तिथं ते सैबेरियाचं नाव काढत नाहीत. लेकीची तशी अटच आहे.

लातुरात मात्र अट नाही. सध्या सरांच्या डोक्यात ‘विश्व ताल-आरोग्य परिषद’ आहे. पाहुण्यांच्या यादीत एक शामन, जपानचं तायको पथक, एक नायजेरियन आणि उद्‌घाटनाला हलगी, असं ठरलं. मामांना शाल-श्रीफळ आणि प्रमाणपत्र द्यायचं, असं सर सांगायला गेले. मामांनी विचारलं, “आमी बसायचं कुठं? आत का भायेर?”

सर म्हणाले, व्यासपीठावर, पहिल्या रांगेत.

“मग शाल ऱ्हाऊ द्या. पाच मानसं, जीपभाडं, अन् सुपारी आगाऊ.” डायरी काढून त्यांनी चष्मा लावला. एप्रिल भरलेला. मे भरलेला, मेमध्ये लातुरात हलगी उन्हातच शेकून निघते, तुराट्यांचा खर्च वाचतो, म्हणून ते दिवस सोडायचे नसतात. जून अर्धा भरलेला. शामनला अजून पत्र गेलेलं नाही, जपानचा पत्ता शोधणं चालू आहे, पण मामांची तारीख मिळाल्याशिवाय काही हलणार नाही, हे सरांना मान्य करावं लागलं. शेवटी मामांनी बोटानं एक रिकामी चौकट दाखवली. अमावस्या. लग्नं नसतात, त्या दिवशी मोकळे.

सरांनी आनंदानं पत्रिकेचा मसुदा केला आणि वकीलसाहेबांकडं आणला. साहेबांनी तो दोनदा वाचला. अमावस्या, ढोल आणि आरोग्य हे तीन शब्द एका कागदावर छापून वाटलेत, तर ठाण्यात मी येणार नाही, म्हणाले. यातला कुठलाही एक काढा.

ढोल निघणं शक्य नाही. अमावस्या मामांच्या हातात आहे. आरोग्याला दुसरा शब्द सर शोधताहेत. कालच मला जिन्यात गाठून मनगट धरलं आणि विचारलं, ‘स्वास्थ्य’ चालेल का.